पावणेदोनशे, एकर-गुंठे आणि टिंब: मुलांच्या जगण्यातले गणित वर्गात कसे आणावे

प्रश्न असा आहे: पाचवी ते सातवीचे गणित मुलांच्या संस्कृतीशी, घरच्या-गावच्या व्यवहाराशी जोडून शिकवा असे प्रशिक्षणात सांगितले जाते. पण म्हणजे फळ्यावर नेमके काय करायचे? आणि हे करत बसलो तर पोर्शन मागे पडणार नाही का?

आधी काय करून भागत नाही ते सांगतो. उदाहरणातल्या जॉनचा जनार्दन केला, सफरचंदांचे आंबे केले, मॉलचा आठवडी बाजार केला, की झाले संस्कृतीशी जोडून शिकवणे, असा समज फार पसरला आहे. यात वाईट काही नाही, पण गणिताच्या बाजूने काही घडतही नाही. ‘रामूने १२ रुपये डझनाने ७ डझन आंबे आणले’ हे वाचल्यावर मुलाला आपला बाजार आठवत नाही. हे पुस्तकातले आंबे आहेत आणि इथे गुणाकार करायचा असतो, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. बाजारात त्या भावाने आंबे मिळत नाहीत हेही त्याला ठाऊक असते, पण ते वर्गात बोलायचे नसते हेही तो शिकलेला असतो.

खरे काम दुसरीकडे आहे. मुले घरी, शेतात, दुकानात, मैदानावर जो हिशेब करतात तो एक, आणि वहीत करतात तो दुसरा. या दोन्हींमध्ये एक सांधा आहे. तो आपोआप जुळत नाही, तो शिकवावा लागतो. खालची सगळी मांडणी त्या सांध्याची आहे.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुनेस, कॅराहर आणि श्लीमन हे संशोधक. त्यांनी गिऱ्हाईक बनून मुलांना हिशेब विचारले, तेव्हा ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच आकड्यांची शाब्दिक उदाहरणे दिली तेव्हा ७४ टक्के आणि नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्के. मुले तीच, आकडे तेच. बारा वर्षांच्या एका मुलाला ३५ ची चार शहाळी कितीला असे विचारले. तो तीन शहाळ्यांचे १०५ धरून त्यात ३० मिळवतो, मग राहिलेले ५, आणि १४० म्हणतो. त्यालाच कागदावर ३५ × ४ दिले तेव्हा त्याचे असे झाले: चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, उत्तर २००. हातचा गुणाकारानंतर मिळवायचा, तो त्याने आधीच मिळवला. बाजारात १४० म्हणणाऱ्या या मुलाला २०० हे उत्तर खटकले नाही, कारण कागदावरचे ३५ त्याच्या लेखी शहाळ्याची किंमत नव्हतीच.

आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये आला. बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करतात पण शाळेच्या पद्धतीची उदाहरणे अडतात. शाळेतली, बाजारात काम न करणारी मुले नेमकी उलट: वहीत बरी, पण बाजारातल्या हिशेबात अडखळतात. म्हणजे सांधा दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. म्हणून हा विषय फक्त ‘गरीब मुलांसाठी सोपे गणित’ असा समजू नका.

संस्कृतीशी सुसंगत अध्यापन ही कल्पना अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये मांडली, तीही कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकांचे काम पाहून. त्यांच्या तीन अटी आहेत. मुलांना विषय चांगला यायला हवा. तो येण्यासाठी त्यांना आपली भाषा, आपले घर टाकून द्यावे लागू नये. आणि भोवतालच्या अन्यायकारक व्यवहारांवर बोट ठेवायला ते ज्ञान उपयोगी पडावे. आपल्याकडे दुसऱ्या अटीचा उत्सव होतो, पहिली गृहीत धरली जाते आणि तिसरी गाळली जाते. माझ्या मते पहिली अट पुरी होत नसेल तर बाकीचे करू नये. मुलाला दशांश अपूर्णांक येत नसेल, तर वर्गात लोकगीत गाऊन त्याच्या संस्कृतीचा सन्मान होत नाही.

आधी माहिती गोळा करा, पण जपून

सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत मुलांना अर्ध्या पानाची एक यादी घरून भरून आणायला सांगा. पाच प्रश्न पुरतात. घरात काय काय मोजले जाते? कशाने मोजतात (वजनकाटा, डबा, वाटी, वीत, पावले, दोरी, टेप)? त्यासाठी कोणते शब्द वापरतात? हिशेब तोंडी करतात की लिहून? आणि गेल्या आठवड्यात तू स्वतः कोणता हिशेब केलास? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एरवी मुले मोठ्या माणसांचे काम सांगतात आणि स्वतःचे सोडतात. दळण टाकायला गेलेली मुलगी पीठ किती कमी आले ते पाहते, लहान भाऊ गोट्यांची वाटणी करतो, मोबाइलचा डेटा किती दिवस पुरेल ते कोणीतरी काढतेच. हे सगळे हिशेबच आहेत.

दोन गोष्टी या यादीत कधीही विचारू नका. पहिली, ‘तुमच्या घराण्याचा पारंपरिक व्यवसाय कोणता’. महाराष्ट्रात हा प्रश्न म्हणजे भर वर्गात जात विचारणे आहे. संस्कृतीच्या नावाखाली कुंभाराच्या मुलाला मडकी आणि चांभाराच्या मुलाला चप्पल देऊन गणित शिकवू लागलो, तर ज्या चौकटीतून बाहेर पडायला ते मूल शाळेत आले त्याच चौकटीत आपण त्याला पुन्हा बसवतो. दुसरी, जमीन किती, कर्ज किती, पगार किती. आकडे लागतील तेव्हा नमुन्याचे आकडे आपण द्यायचे.

आलेल्या याद्यांतून वर्षभरासाठी तीन-चारच विषय निवडा. निवडीची कसोटी अशी: वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना तो व्यवहार माहीत हवा, पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या घटकाशी त्याची थेट गाठ किंवा टक्कर हवी, आणि त्यात कोणाची मान खाली जाऊ नये. टक्कर असेल तर उत्तमच. खालचे उदाहरण टक्करीचेच आहे आणि पहिल्यांदा करणाऱ्याने याच धड्यापासून सुरुवात करावी असे मी सुचवतो.

टिंबाचा धडा

दशांश अपूर्णांक शिकण्याआधीच मुलांनी टिंब शेकडो वेळा पाहिलेले असते, आणि त्यातली बरीच टिंबे दशांश चिन्हे नसतात. फळ्यावर सहा ओळी लिहा:

१.२० एकर
४.३ ओव्हर
उंची ५.११
दुपारी ३.४५
₹ ३.४५
२.५ किलो

पहिली पाच मिनिटे फक्त मोठ्याने वाचायचे. मुले म्हणतात: एक एकर वीस गुंठे, चार ओव्हर तीन बॉल, पाच फूट अकरा इंच, पावणेचार, तीन रुपये पंचेचाळीस पैसे, अडीच किलो. इथेच थांबवा आणि विचारा: तुम्ही ‘दोन किलो पाच ग्रॅम’ का नाही म्हणालात? काहींनी तसे म्हटलेले असते. त्यांना चूक ठरवू नका, प्रश्न तसाच उघडा ठेवा.

पुढची पंधरा मिनिटे जोडीजोडीने बेरीज. एका गोलंदाजाने ४.३ ओव्हर टाकल्या, दुसऱ्याने ३.५, मिळून किती? निम्मा वर्ग ७.८ लिहितो. लगेच खोडू नका. ‘७.८ ओव्हर असे स्कोअरबोर्डवर कधी दिसते का?’ एवढेच विचारा. दंगा होतो, तो होऊ द्या. पहिले २७ चेंडू, दुसरे २३, एकूण ५०, म्हणजे ८ ओव्हर २ बॉल, लिहिणार ८.२. क्रिकेट पहिले घ्यायचे ते याचसाठी: सहा चेंडू हे ठाऊक नसलेले मूल विरळा. मग १.२० एकर अधिक ०.३० एकर. साध्या रीतीने १.५० येते, खरे उत्तर ४० गुंठ्यांचा एकर धरून २ एकर १० गुंठे.

उरलेल्या वेळात तक्त्यात एकच रकाना भरून घ्या: ‘उजवीकडे किती भरले की डावीकडचा आकडा एकने वाढतो?’ ओव्हर ६, फूट-इंच १२, एकर-गुंठे ४०, तास-मिनिटे ६०, रुपये-पैसे १००. किलोच्या ओळीला मुले अडतात, हजार की दहा? २.५ मधला ५ म्हणजे पाच ग्रॅम नव्हे, किलोचे दहा भाग केले त्यातले पाच, हे इथे पहिल्यांदा फळ्यावर येते. दशांश चिन्हाची व्याख्या द्यायची ती या क्षणी, आधी नाही. टिंबाच्या उजवीकडे दहा भरले की डावीकडे एक वाढतो, आणि प्रत्येक पुढच्या घरात पुन्हा दहाच, असा नियम असलेले टिंब तेवढेच दशांश चिन्ह.

दुसऱ्या तासाला कागदी पट्ट्या लागतील. चौकटीच्या वहीतून २० सेंटीमीटर लांबीची पट्टी, अर्ध्या सेंटीमीटरचे ४० घर. ही एक एकराची पट्टी, एक घर म्हणजे एक गुंठा. तिच्याखाली तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी, २ सेंटीमीटरचे १० भाग. ही दशांशाची. आता २० गुंठ्यांवर बोट ठेवले की खालच्या पट्टीवर ०.५ येते, म्हणजे लोक ज्याला १.२० एकर म्हणतात ते दशांशात १.५. एक दशांश म्हणजे ४ गुंठे हे मुलांना डोळ्यांनी दिसते. १० गुंठे ०.२५, ३० गुंठे ०.७५, आणि गावात यांना आधीपासूनच पाव एकर, पाऊण एकर म्हणतात. मुलांचा शब्द, गुंठ्यांचा आकडा आणि दशांश एका रेषेवर आले की सांधा जुळला.

मग दोन प्रश्न घाला. उंची ५.६ असलेला मोठा की ५.११ असलेला? इंचांत ५.११ उंच, दशांशात ५.६ मोठा. आणि ५० चेंडूंत ७५ धावा तर दर षटकामागे किती? ७५ ला ८.२ ने भागले की ९.१५ च्या आसपास येते आणि ते चूक आहे. ७५ भागिले ५० गुणिले ६, म्हणजे बरोबर ९. सातवीत विचारा, ८ ओव्हर २ बॉल दशांशात कसे लिहाल? ८.३३३… हे कधी संपतच नाही. आवर्ती दशांशाची याहून चांगली ओळख मला माहीत नाही.

या धड्यात काय काय बिघडते? सगळ्यात घातक म्हणजे ‘लोक चुकीचे लिहितात’ हे वाक्य. लोक चुकीचे लिहीत नाहीत. त्यांचे टिंब दोन एकके वेगळी ठेवते, दशांशाचे टिंब एकच एकक कापत जाते. वर्गात नियम ठेवा: मिश्र एककांसाठी ‘१ ए. २० गुं.’ किंवा ‘३:४५’ असे लिहायचे, टिंब फक्त दशांशासाठी. दुसरी चूक घाईची. पाचवीला सहाही ओळी एकदम दिल्या तर गोंधळ होतो. पाचवीला ओव्हर आणि रुपये एवढेच घ्या, एकर-फूट सहावीला. तिसरी, पहिल्याच दिवशी ‘गुंठे भागिले ४०’ असे सूत्र देणे. सूत्र पट्टीतून मुलांनी काढायचे असते. दिले की पट्टी हातकामाचा तास होऊन बसते.

सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते, उदाहरणार्थ ०.८०.९४. दोन टिंबे पाहून मुले चक्रावतात. पण १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरचा एक हेक्टर, दोन्हीकडे शंभरच. म्हणून दुसरे टिंब काढले तरी ०.८०९४ हेक्टर हा खरा दशांश राहतो. हे क्षेत्र म्हणजे सुमारे २ एकर. उतारा मात्र नमुन्याचा आणा, कोणाच्या घरचा नको. वर्गात भूमिहीन घरांतली मुले असतात.

पावणेदोनशे

मराठी मुलाकडे अपूर्णांकांचे शब्द असे आहेत की इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हेवा वाटावा: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. जुन्या वह्यांत १।, १॥, १॥। असे लिहीत, म्हणजे सव्वा, दीड आणि पावणेदोन. पाठांतर पुन्हा सुरू करा असे मी म्हणत नाही. शब्दांची रचना मात्र शिकवा.

दहा शब्दांचे श्रुतलेखन घ्या, मुलांनी आकड्यांत लिहायचे: सव्वाशे, पाऊणशे, पावणेदोनशे, सव्वादोन, सव्वादोनशे, अडीच हजार, साडेतीनशे, पावणेचार हजार, दीड लाख, सव्वा लाख. ‘पावणेदोनशे’ला १९९.७५ किंवा २०० - पाव असे लिहिणारी मुले हमखास निघतात. त्यांचे तर्कशास्त्र चांगले आहे, फक्त ‘पाव कशाचा’ हे सुटले आहे. नियम असा की पाव हा पुढे येणाऱ्या एककाचा: शे असेल तर २५, हजार असेल तर २५०, लाख असेल तर २५,०००. सव्वा म्हणजे तेवढे जास्त, पावणे म्हणजे तेवढे कमी. अपूर्णांक कोणाचा हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नसतो, हा अपूर्णांकातला सर्वांत अवघड मुद्दा या एका शब्दात बसलेला आहे.

इथून वितरणाच्या नियमाकडे जायला दोन पावले लागतात. पावणेदोनशेची चार पाकिटे कितीला? आठशे वजा शंभर, सातशे. हे तोंडी सांगणाऱ्या मुलाकडून फळ्यावर (२०० - २५) × ४ = ८०० - १०० असे लिहून घ्या, शेजारी १७५ × ४ उभ्या मांडणीत. दोन्ही उत्तरे सारखी आली की नेहमी तोंडी करणाऱ्या मुलांचा उभ्या मांडणीवर आणि उभ्या मांडणीवाल्यांचा तोंडी रीतीवर विश्वास बसतो.

शेकडेवारीसाठी असाच तयार शब्द म्हणजे आणे. ‘सोळा आणे खरे’ म्हणजे १०० टक्के, चार आणे २५, बारा आणे ७५. शेतकरी घरांत पैसेवारी हा शब्द असतोच: प्रमाण मानलेल्या उत्पन्नाच्या तुलनेत यंदाचे पीक रुपयाला किती पैसे. ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते. ४७ पैसे पैसेवारी म्हणजे ४७ टक्के. शेकडेवारीच्या धड्याला याहून जिवंत सुरुवात शोधायला नको.

संख्यानामांबद्दल थोडेसे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन दिले तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. अडचण खरी आहे: मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक नंतर, पण लिहितो उलट, त्यातून पंचवीसचे ५२ होतात, आणि एकोणतीस-एकोणचाळीसमध्ये तर पुढच्या दशकाचे नाव येते. ‘वीस सात’ हा पूल म्हणून वापरावा, महिनाभर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवावेत, आणि बाजारात सत्तावीसच चालते म्हणून शेवटी सत्तावीसवर यावे. ज्यांच्या घरी पावरी, कोरकू, गोंडी किंवा कातकरी बोलली जाते त्यांना या पुलाची सर्वांत जास्त गरज असते. अशा वर्गात १ ते २० चे घरचे शब्द भिंतीवर लावा. ते मुलांनीच लिहावेत, कारण उच्चार त्यांना ठाऊक आहेत, आपल्याला नाहीत.

कांद्याची पट्टी आणि शेकडा तीन

तिसरी अट, व्यवहारावर बोट ठेवण्याची, इथे येते. बाजार समितीत माल विकल्यावर मिळणारी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, नमुन्यादाखल अशी लिहा: कांदा १२ क्विंटल, भाव ₹ ८५०, गोण्या २४, हमाली गोणीमागे ६, तोलाई ३, गाडीभाडे १८००. एकूण रक्कम १०,२००. हमाली १४४, तोलाई ७२, भाडे धरून कपात २,०१६. हातात ८,१८४, म्हणजे किलोला ६ रुपये ८२ पैसे. भाव साडेआठ, हातात सुमारे पावणेसात. इथपर्यंत पाचवीचे गणित झाले.

आता भाव २०० वर आणा आणि बाकी काही बदलू नका. रक्कम २,४००, कपात तीच २,०१६, हातात ३८४. किलोला ३२ पैसे. भाव चौपटीहून थोडा अधिक घसरला, पण हातातली रक्कम एकवीस पटींनी घसरली. असे का? कारण कपात गोणीवर आणि गाडीवर आहे, भावावर नाही. सहावीच्या मुलांकडून भाव ८००, ६००, ४००, २०० चा तक्ता करून घ्या, सातवीत ‘हातात = १२ × भाव - २०१६’ लिहून घ्या, आणि कोणत्या भावाला हातात शून्य येईल ते विचारा: क्विंटलला १६८. बीजगणितातले चल आणि स्थिर पद इथे उगाच आणलेले वाटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सर्व कपात जाऊन २ रुपये ४९ पैसे उरले आणि २ रुपयांचा चेक मिळाला, ही बातमी देशभर गाजली. भाव किलोला १ रुपया होता. ही बातमी तक्ता झाल्यावर वाचा, आधी नको. आधी वाचली तर मुले हळहळतात. नंतर वाचली तर असे का झाले ते त्यांना सांगता येते.

सरळव्याज सहावी-सातवीत आहेच. गावात व्याज ‘शेकडा तीन’ असे बोलतात, आणि ते महिन्याचे असते. ५,००० वर महिन्याला १५०, वर्षाला १,८००. पुस्तकाच्या भाषेत द.सा.द.शे. (दर साल दर शेकडा) ३६. ‘द.सा.’ या दोन अक्षरांकडे मुलांचे लक्ष पहिल्यांदा इथे जाते. रोजच्या वसुलीचे उदाहरणही घ्या: हातात ९०० मिळाले, रोज १० प्रमाणे १०० दिवस भरायचे. मुले म्हणतात १० टक्के. हातात आले ते ९००, जादा भरले १००, म्हणजे ११.१ टक्के, तेही १०० दिवसांत. वर्षाच्या हिशेबाने ४० च्या वर, आणि मुद्दल रोज फिटत जाते हे धरले तर त्याहूनही बरेच जास्त. बचत गटाचा दर आणि बँकेचा दर शेजारी मांडून तुलना करायला सांगा. ‘तुमच्या घरी कोणी घेतले आहे का’ हे विचारू नका. ज्याला सांगायचे तो स्वतः सांगेल. आणि कोणते कर्ज वाईट याचे प्रवचनही देऊ नका. आजारपणात रात्री दहाला पैसे देणारा कोण असतो हे मुलांना आपल्याहून चांगले कळते.

बांधकाम आणि रांगोळी या दोन जागा थोडक्यात सांगतो. गवंडी पायाची आखणी करताना काटकोन ६, ८, १० फुटांनी तपासतो. कर्ण १० फूट २ इंच आला तर कोन ९० पेक्षा मोठा. पायथागोरसच्या आधी अंगणात दोरीने हे करून घ्या. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची देऊन किती ब्रास बसते ते विचारणे हे घनफळाचे उत्तम उदाहरण. ठिपक्यांच्या रांगोळीत ‘९ ते ५’ म्हणजे ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५. एकूण ६१ ठिपके. त्याआधीच्या लहान रांगोळ्या ७ ते ४, ५ ते ३, ३ ते २: ३७, १९, ७, आणि मधला एकटा ठिपका १. फरक काढले तर ६, १२, १८, २४. षटकोनाचे कडे एकेक करून वाढते हे मुली ठिपके देतानाच सांगतात. रांगोळी काढून भिंतीवर लावली आणि मोजली नाही, तर तो चित्रकलेचा तास झाला.

पोर्शनचे म्हणाल तर हे धडे जादा घ्यायचे नाहीत, बदली घ्यायचे आहेत. टिंबाचे दोन तास हे दशांशाच्या घटकाचे पहिले दोन तास. कांद्याची पट्टी आणि व्याज हे नफा-तोटा व सरळव्याजाच्या प्रस्तावनेच्या जागी. एका विषयाला तीन-चार तास, वर्षाला चार विषय, म्हणजे १२ ते १६ तास. वेळ वाया जातो तो तिथे, जिथे शिक्षक अनुभवाचा तास वेगळा घेतात आणि पुस्तकाचा तास पुन्हा शून्यापासून सुरू करतात. प्रत्येक तासाच्या शेवटी पुस्तकातली किमान दोन उदाहरणे त्याच रीतीने सोडवून घ्या.

जमले की नाही हे पाहायला सहा उदाहरणे पुरतात, पण तीन रूपांत. दोन तोंडी व्यवहाराची, खऱ्या वस्तू हातात देऊन. दोन शाब्दिक, लिहून. दोन नुसती आकड्यांची. आकडे तिन्हींत सारख्याच तोडीचे ठेवा आणि मुलाच्या नावापुढे तीन रकाने करा. तोंडी बरोबर आणि आकडी चूक असेल तर त्या मुलाला संकल्पना येते, त्याला मांडणी शिकवायची. कागदी पट्टीवरून परत लिहून घ्यायचे. आकडी बरोबर आणि तोंडी चूक असेल तर रीत पाठ आहे. त्याला सुटे पैसे आणि वजने देऊन दुकान मांडायला बसवायचे. तिन्हींत चूक असेल तर संदर्भ बदलून उपयोग नाही, मागच्या इयत्तेतला राहिलेला घटक शोधायचा. पहिल्या आणि दुसऱ्या गटातल्या मुलांच्या जोड्या लावा, एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. दोन आठवड्यांनी त्याच तोडीची सहा उदाहरणे पुन्हा द्या आणि त्या वेळी जोडीतल्या भूमिका उलट करा.